येळवशीत हरवलेले हंगेरीचे पाहुणे

तरुणपणी मी भयंकर हुशार होते. हे माझं स्वतःचं मत. दुसऱ्या कुणाचं ते नसल्यामुळे त्यावर कधी वाद झाला नाही.

नांदेडच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायचे. कायम नव्हते, तासिकेवर होते. जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे. घंटा झाली की बाईंची किंमत शून्य. पण ऐट बघावी तर सेनापतीची! कडक इस्त्रीची सुती साडी, नंबर नावालाच असलेला मोठ्या फ्रेमचा चष्मा, आणि तोंडात सदा लढाया. भाजीवालीशी मी भाव करत नसे, 'वाटाघाटी' करत असे. एका लग्नात पंगतीला वाढपी कमी पडले, तर मी भर मांडवात ओरडले होते, "डावी बगल उघडी पडलीय!" त्या बाजूच्या रांगेतल्या एका मावशींनी घाईघाईनं पदर ओढून घेतला आणि पुढे आयुष्यभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

अशा या सेनापतीणबाईंना हैदराबादच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, एक इंग्रजी पुस्तक सापडलं. लेखक हंगेरीचे लष्करी इतिहासकार. कव्हरवर तोफ होती म्हणून मी ते उचललं. आत तोफ नव्हतीच. आत पाव होता. सैन्यासाठी पाव कुणी भाजला, किती गाड्यांतून निघाला, कुठल्या स्टेशनात अडकला, आणि बुरसटून कुणाच्या पोटात गेला, नाहीतर गेलाच नाही. पुस्तकभर हेच. आधी मला फसल्यासारखं वाटलं. मग वाचत गेले आणि तो महिनाभर बाकी काही वाचवेना.

त्या माणसाची हकीकतही विलक्षण होती. ते लहान असताना त्यांच्या वडिलांना सैन्यातून फार दूर, एका गोठलेल्या नदीवर पाठवलं होतं. वडील परत आले नाहीत. घरी एवढंच कळलं, की गोळी लागायच्या आधी ते बरेच दिवस उपाशी होते. मुलगा मोठा झाला, लष्कराच्या इतिहासाच्या खात्यात लागला, आणि बाकीचे अभ्यासक सेनापतींचे फोटो बघत बसले असताना हा भाकरीमागं लागला. शोधता शोधता त्याला दिसलं, की हुकूम भरपूर सुटले होते. हुकमावर हुकूम, त्यावर शिक्के. फक्त पाव सुटला नव्हता. हे त्यांनी लिहिलं. वरच्यांना ते झोंबलं, कारण आपलेही हुकूम तसलेच आहेत हे वरच्यांना ठाऊक होतं. मग त्यांची बदली झाली संग्रहालयाच्या कोठीत, जुन्या गणवेशांची बटणं निवडायला. राज्य बदललं तेव्हा कुठं ते बटणांतून बाहेर आले, पुस्तक छापलं गेलं, सत्कार सुरू झाले. सत्कारांना कंटाळून ते देशोदेशीचे किल्ले बघत फिरू लागले. तोफा नाही बघायचे. धान्याची कोठारं, विहिरी आणि चुली.

मी त्यांना पत्र टाकलं. माझं इंग्रजी असं, की खाली सही करताना मी 'आपली आज्ञाधारक सैनिक' असं लिहिलं. उत्तर आलं: 'सैनिक आज्ञाधारक असावा असं मला वाटत नाही, पण जेवलेला असावा.' आणि शेवटी: या हिवाळ्यात दख्खनचे किल्ले बघायला येतोय, कंधारचं कोठार दाखवाल का?

मी ते पत्र घेऊन नाचत अध्यक्षसाहेबांकडे गेले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे हुकमाचे एक्के. कॉलेजात पंखासुद्धा त्यांना विचारून फिरायचा. ते म्हणाले, "बाई, परदेशी पाहुणा आपल्या स्टेजवर बोलला, तर जूनपासून तुम्ही कायम. न्हाई बोलला, तर त्या जागेवर बसवायला आमच्या साडूचं पोरगं तयारच हाय."

इतकं सरळ. पाहुणे स्टेजवर, मी कायम. पाहुणे नाहीत, मी घरी.

मी मोहीम आखली. शनिवारी अकराला नांदेडात व्याख्यान. विषय 'युद्धातील नेतृत्व'. हा विषय अध्यक्षांनी दिला, कारण नेतृत्व म्हटलं की त्यांना आपणच आठवायचे. पाहुणे सोलापूरकडून नळदुर्ग बघून शुक्रवारी सकाळी एसटीनं लातूरला उतरणार. लातूर माझं माहेर. मी त्यांना स्टँडवर घेणार, घरी चार घास घालणार आणि संध्याकाळच्या गाडीनं नांदेड गाठणार. कुठं फट नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी माहेरी पोचले तर अंगणात शेंगांचा डोंगर. तूर, वाटाणा, वाल, हरभरा. अव्वा, म्हणजे माझी आई, आणि चुलत्या सोलत बसल्या होत्या.

"एवढ्या शेंगा कशाला गं अव्वा?"

अव्वाचा हात थांबला. "उद्या काय हाय?"

"शुक्रवार."

"अन्?"

"अन् माझे पाहुणे येणारेत."

"माझे माय!" अव्वा सगळ्यांकडं बघत म्हणाली, "इतिहास शिकवती अन् अमावस्या ठाऊक न्हाई! नांदेडात पंचांग भेटत न्हाई का गं?"

येळवस! वेळ अमावस्या! लातूरची लेक आणि येळवस विसरली. मी सगळ्या मोहिमेत तारखा बघितल्या होत्या, तिथी नव्हे. बाहेरच्यांना सांगायला हवं: मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. जो तो उभ्या पिकात जाऊन काळ्या आईची पूजा करतो आणि दिवसभर तिथंच जेवतो. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, मग तो सोयरा असो की वैरी. लातूर शहराला त्या दिवशी कुलूप असतं.

"असू दे की," अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे माझे वडील, त्यांचं अडतीचं दुकान. कितीही मोठं संकट आलं तरी ते आधी पान लावायचे. "पाहुण्याला घेऊन सरळ शेतात ये. त्यालाबी पोट असंलच."

शुक्रवारी सकाळी घरचे टोपल्या, माठ, लेकरं आणि म्हाताऱ्या ट्रॅक्टरवर लादून निघून गेले. मी भावाची लूना घेऊन, हँडलला झेंडूचा हार अडकवून, वेळेच्या बरीच आधी स्टँडवर हजर झाले. पण माझ्याहून आधी बस हजर झाली होती. रस्त्यात ना गर्दी, ना चढणारं कुणी. शिवाय ड्रायव्हरलाही त्याच्या शेतात पोचायचं होतं.

स्टँडवर एकटे कंट्रोलर, टोपी काढून, निघायच्या तयारीत.

"नळदुर्गची गाडी?"

"कवाच आली."

"त्यात एक परदेशी पाहुणे होते? उंच, म्हातारे?"

"होते की! हॅट घातलेले. लई भला माणूस. उतरला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् माझ्यापाशी येऊन हळूच इचारलं, 'वार?'"

"काय?"

"वार! मी म्हणलं, शुक्रवार. तर तोंडच उतरलं त्याचं. पुन्हा म्हणतो, 'वार?' म्हणलं, हाव बाबा, शुक्रवारच, अन् अमावस्या हाय. मग इचारलं, 'पीपल?' तेवढी इंग्रजी मला येती. म्हणलं, 'ऑल गॉन.' अन् हात करून दाखवलं, समदे तिकडं गेलेत म्हणून."

मला सगळं चित्र दिसलं. ज्या माणसाचं आयुष्य लढायांत गेलं, तो एका मोठ्या शहरात उतरतो. दुकानं बंद, घरांना कुलपं. भर बाजारातल्या गंजगोलाईत एरवी सायकल ढकलता येत नाही, तिथं मधोमध एक कुत्रं चारी पाय ताणून झोपलेलं. तो विचारतो, "वॉर?" आणि सरकारी टोपीवाला माणूस गंभीरपणे मान हलवून सांगतो: हाव.

"मग ते गेले कुठं?"

"कुठं म्हंजे? समदे गेले तिकडंच. पिशवी खांद्याला मारली अन् चालू पडला, झपाझपा. बाई, मीबी निघू का? घरचे वाट बघायलेत."

माझी नात पुण्यात असते. तिला ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर सांगितली तर ती विचारते, "अगं आजी, तू त्यांना लोकेशन का नाही पाठवलंस?" बाळे, तुझ्या आजीकडं त्या दिवशी लोकेशन नव्हतं, मोबाइल नव्हता, आणि थोड्या वेळात अक्कलही राहिली नाही.

मी लूना शेतांकडं पिटाळली. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूला छातीएवढी ज्वारी, हँडलला हार. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल नवरी पळून चाललीय. पहिलंच शेत एका कापडवाल्याचं. कडब्याची खोप, सतरंज्या, पन्नासेक माणसं.

"इकडून एक गोरे पाहुणे गेले का?"

"गेले की. बसा."

"कुठं गेले?"

"आधी ताटावर बसा. उपाशी माणसाला आम्ही काही सांगत न्हाई."

"अहो, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"नोकरी पळून जाईना. आंबील गरम होईल." हे कापडवाल्याच्या आईनं म्हटलं, आणि पत्रावळ माझ्यासमोर आली. भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगांचे दाणे चिंचेच्या आंबट पाण्यात शिजवलेले. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी, आणि मडक्यातली ज्वारीच्या पिठाची थंडगार, आंबट आंबील. मी भराभरा गिळलं तेव्हा बाईंनी तोंड उघडलं.

"तो बाबा रस्त्यानं चालत होता. आम्ही बोलावलं. तो नको म्हणायला गेला, पण बोलला काय, 'हात.' म्हणलं, बिचारा हात धुवायला पाणी मागायलाय. दिलं पाणी. हात धुतल्यावर न बसून जातो कुठं? लई गोड खाल्लं हो त्यानं. मग त्या चिंचेकडं गेला."

हात? हा माणूस मराठी कधी शिकला?

चिंचेच्या शेतात एक रिटायर ड्रॉइंग मास्तर होते. ते आधी बसा म्हणाले, मग वाढा म्हणाले, मग घास माझ्या घशात असताना सांगायला लागले. "काय अभ्यासू माणूस! ट्रॉलीत किती माणसं बसली, माठात किती आंबील मावती, ती किती जणांना पुरती, समदं इंग्रजीत इचारलं. मला वाटलं केटरिंगचा धंदा असावा."

"ते जगातले मोठे लष्करी इतिहासकार आहेत!"

"असं? मग भज्जीत चिंच कवा टाकायची हे कशाला इचारत होते? निघताना म्हणले, 'हात.' आमच्या सूनबाईनं पुन्हा हातावर पाणी घातलं. पुन्हा बसले बिचारे. नाही म्हणायची रीतच न्हाई त्यांच्यात."

आंबील ही दारू नव्हे, हे मी शपथेवर सांगते. पण तिसऱ्या शेतातल्या तिसऱ्या तांब्यानंतर ज्वारी डावीकडं कलली, लूना उजवीकडं, आणि मी मधल्या मधे हसत सुटले. साडीची इस्त्री गेली होती, चष्म्यावर खीर होती. प्रत्येक घासाला माझी कायम नोकरी वीतभर पुढं सरकत होती आणि मी तिच्यामागं ढेकर देत धावत होते.

तिसरं शेत एका म्हातारीचं. तिच्या खोपीत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. "आला होता गं माय," ती म्हणाली. "ह्या दगडांपुढं बसला, माझ्या नातवाच्या इंग्रजीतून इचारलं, हे कोण? म्हणलं, देव. म्हणला, ह्यांना जेवायला कोण देतं? म्हणलं, मी. दुसरं कोण देणार? तर टोपी काढून वाकला की माझ्यापुढं. मग इचारतो, इथं समद्यांना यायचा हुकूम कुणी केला?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? हुकूम कशाचा? अमावस्या असती. अमावस्येला कुणी हुकूम करतं का? तर तो रडायला लागला. म्हणलं, भज्जी तिखट झाली असंल. वर खीर घातली."

त्या दिवशी पहिल्यांदा मी घाई न करता घास घेतला. खीर माझ्याही ताटात होती.

पाहुणे शेवटी सापडले ते आमच्या शेजारच्या बांधावर, लिंबाखाली, माझ्याच अप्पांच्या शेजारी घोंगडीवर पहुडलेले. अप्पा रीतीप्रमाणे शेजाऱ्याकडं जेवायला गेले होते आणि पाहुणे रीतीप्रमाणे वाहत तिथं आले होते. अप्पांना इंग्रजी शून्य, त्यांना मराठी शून्य, आणि दोघांची बैठक अशी जमलेली, जशी बाजार समितीत वर्षानुवर्षं बसतायत.

"सर!" मी हार हातात घेऊन ओरडले.

त्यांनी डोळे उघडले, माझा अवतार बघितला, आणि म्हणाले, "तुम्हीच आज्ञाधारक सैनिक?"

मग कळलं. त्यांच्या भाषेत 'हात' म्हणजे आपलं 'बरं का', 'तर मग'. बोलायला सुरुवात करताना ते सवयीनं तोंडात यायचं. 'तर मग, मी निघतो,' असं म्हणायला ते सकाळपासून तोंड उघडत होते आणि दरवेळी कुणीतरी हातावर पाणी घालत होतं. पोटाला हात लावून ते म्हणाले, "इतक्या वर्षांत एवढा लांबलेला वेढा मी कुठं वाचला नाही."

तेवढ्यात त्यांनी अप्पांच्या छातीवरच्या चांदीच्या करडग्याकडं, म्हणजे गळ्यातल्या डबीकडं, बोट केलं आणि मला दबक्या आवाजात विचारलं, "यात बारूद ठेवतात का?" त्यात आम्हा लिंगायतांचं इष्टलिंग असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अप्पांनी विचारलंच, काय म्हणतो? मी भीत भीत सांगितलं. अप्पा पोट धरून हसले. "सांग त्याला, हाव म्हणावं. शत्रू आत मनात बसलाय, म्हणून छातीवरच ठेवावं लागतं."

मी सांगितलं. पाहुणेही हसले. मग उठून बसले आणि माझ्याशी बोलू लागले. आधी त्यांना खरंच वाटलं होतं, शहर खाली केलंय. म्हणून ते लोकांमागं निघाले. पळणाऱ्या लोकांचं काय होतं हे त्यांना पाठ होतं. गाड्या मोडतात, म्हातारी माणसं मागं राहतात, लेकरं रडतात, खाणं आधी संपतं. आणि इथं बघतात तर म्हाताऱ्या सगळ्यात पुढं बसलेल्या, लेकरं झोक्यावर, आणि खाणं संपता संपत नाही. अख्खं शहर एका सकाळीत बाहेर पडलं, हुकमाचा कागद नाही, शिट्टी नाही, आणि उपाशी कुणीच नाही. रस्त्यावरचा परका म्हातारासुद्धा नाही. "माझ्या वडिलांना पाव पोचवायला एवढं मोठं खातं होतं," ते म्हणाले.

मग म्हणाले, "उद्या मी यावरच बोलणार."

"पण सर, विषय छापलाय! 'युद्धातील नेतृत्व'. अध्यक्ष पुढच्या रांगेत असतील. माझी नोकरी—"

"हात..." ते सुरू झाले, आणि आमची अव्वा, जी नुकतीच बांध ओलांडून आली होती, तांब्या घेऊन धावली.

शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही नांदेडला गेलो. वाटेत मी त्यांना नेतृत्वावर चार वाक्यं तरी बोलायची गळ घातली. ते खिडकीतून करडईची शेतं बघत हो हो म्हणत राहिले. जे म्हातारे इतक्या लगेच हो म्हणतात त्यांचा भरवसा धरू नये, हे आता मी म्हातारी झाल्यावर मला कळलंय.

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत अध्यक्ष, गळ्यात पाहुण्यांपेक्षा मोठा हार. पाहुणे इंग्रजीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार. पहिली पाच वाक्यं नेतृत्वाची झाली. मग त्यांनी चष्मा काढला आणि बटणांच्या कोठीपासून येळवशीपर्यंत सगळं सांगितलं. मी सांगत गेले. सांगता सांगता माझी पुस्तकी मराठी कुठं गळून पडली कळलंच नाही. भज्जी, उंडे, ट्रॉल्या, म्हातारीचे दगड, सगळं अव्वाच्या बोलीत येऊ लागलं. पोरं आधी हसली, मग पुढं सरकून बसली. शेवटी ते म्हणाले, आणि मी मराठीत म्हणाले: "मी आयुष्यभर हुकमांचा अभ्यास केला. काल पहिल्यांदा हुकमाशिवाय जेवलेलं शहर बघितलं. सगळ्यात चांगलं नेतृत्व काल कुणी केलं असेल, तर ज्यांनी पहाटे उठून चूल पेटवली त्यांनी."

टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या आणि पुढच्या रांगेपाशी येऊन थांबल्या.

अध्यक्ष उठले. हसतच म्हणाले, "पाहुण्यांचं आपलं ठीक हाय. पण बाई, तुम्ही आमच्या कॉलेजच्या हायेत. तुमचं मत सांगा की. हुकमाशिवाय चालतं, असं म्हणता का?"

जून माझ्यापुढं उभा होता. कायम पगार, दिवाळीचा बोनस, हजेरीपटावर शाईनं नाव. मला फक्त म्हणायचं होतं, 'न्हाई साहेब, कसं चालंल?' तेवढी लबाडी मला येत होती. पण कालची आंबील अजून अंगात असावी. डोळ्यांपुढं अव्वा आली, शेंगांच्या ढिगासमोर, कुणीही न सांगता. इतक्या वर्षांच्या रणनीतीतून माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"हाव."

हॉलमधली पोरं अशी ओरडली की पाहुण्यांना वाटलं काहीतरी जिंकलं. जिंकलं काही नव्हतं. चहा निवायच्या आत अध्यक्षांनी ऑफिसात बोलावून सांगितलं, जूनपासून साडूचं पोरगं येतंय. तुम्ही मार्चपर्यंत तास घ्या.

पाहुण्यांना कंधारला न्यायला जीप उभी होती. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कसं कोण जाणे, हसूही येत होतं; बहुधा पहिल्यांदा मी त्या कॉलेजात माझ्या स्वतःच्या आवाजात बोलले होते. त्यांनी मान हलवली. "हात..." त्यांनी सुरुवात केली. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

पुढं कंधारच्या किल्ल्यातल्या चुलींवर मीच संशोधन केलं, आणि बऱ्याच वर्षांनी लातूरच्या एका कॉलेजात कायम झाले. ते खूप म्हातारे होऊन गेले. जिवंत होते तोवर दर येळवशीला त्यांचा फोन यायचा. एकच प्रश्न: "निघाले का सगळे?"

पण त्या शनिवारी दुपारी माझा तास होता. तासिकेवरच्या माणसाला शोक करायला सुट्टी नसते. वर्गात गेले, तहाची कलमं लिहायला खडू उचलला आणि ठेवून दिला. विचारलं, "काल तुमच्याकडं कोण पहाटे उठलं?"

मग मुखेडचा एक मुलगा म्हणाला, आमची आजी, तिला दिसत न्हाई तरी शेंगा तीच सोलती. धर्माबादची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडं येळवस न्हाई बाई, पण मिरचीच्या दिवसात आई सगळ्या मजूर बायकांचा स्वयंपाक करती, ते चालंल का? चालंल म्हणाले. मग थांबवता येईना. एकाचं अर्धं झालं की दुसरा म्हणायचा, हे काहीच न्हाई, आमच्याकडं ऐका.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. शिपाईमामा दारात आले.

"बाई, घंटा झाली की! आता पुढचे पैसे न्हाई भेटत तुम्हाला."

"माहीत आहे मामा. तुमच्या घरी कोण उठतं पहाटे?"

मामांनी बाहेर बघितलं, आत बघितलं, घंटेचा पितळी तास दाराशी टेकवून ठेवला.

"तसं बघितलं तर मीच उठतो," ते म्हणाले. "पण बायकोला सांगू नका, ती म्हणती तीच उठती. त्याचं काय झालं—" आणि पहिल्या बाकावरच्या पोरांना सरका म्हणून ते बसले.